हाली, कलदार आणि विमान

दिवाळी जवळ आली, की आमच्या अंबडच्या घरात माळ्यावरून दोन वस्तू खाली येतात. एक पणत्यांची टोपली आणि दुसरी माझ्या वडिलांची लाल कापडात बांधलेली जुनी वही. या वहीचा आता काही उपयोग उरलेला नाही. तिच्यातली नाणी चलनातून गेली, मापे बाजारातून गेली आणि ज्या दुकानाचा तिच्यात हिशेब आहे ते दुकानही गेले. तरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ती मांडल्याखेरीज माझ्या हातून दिवा लागत नाही. असे का, ते सांगतो. आणि त्या वहीपासून विमानापर्यंत कसे जाता येते, तेही सांगतो.

माझे वडील जालन्याच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. शनिवारी अंबडला यावे आणि सोमवारी पहाटे पुन्हा जालन्याला जावे, असा त्यांचा क्रम असे. आमचा मुलूख तेव्हा नुकताच निजामाच्या राज्यातून बाहेर पडला होता. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. त्या वेळी सरकारी दफ्तरात साल चालू होते १३५७ फसली! नवे राज्य आले तरी जुना व्यवहार एका रात्रीत कसा जाणार? बाजारात निजामाचा हाली रुपया चाले आणि हिंदुस्थान सरकारचा कलदारही चाले. सहा कलदारांना सात हाली, असा ठरीव भाव होता. शंभर कलदार म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. हे कोष्टक त्या काळी पोराटोरांनाही पाठ असे.

१९५२ साली, मी नऊ वर्षांचा असताना, वडिलांच्या दुकानातून नगरकडच्या एका व्यापाऱ्याला १,४०० रुपये हालीची सरकी गेली. पैसे हप्त्याहप्त्याने आले. काही हाली, काही कलदार. काही वडिलांच्या हाती, काही दुसऱ्या गुमास्त्याच्या हाती. वर्षाअखेर बेरीज केली तेव्हा जमा निघाले १,३०० आणि शंभर रुपये कमी पडले. व्यापारी म्हणे, मी पै न् पै फेडली आहे. मालक सज्जन माणूस. तोंडाने चोर म्हणाला नाही. "दिवाणजी, शंभराचं काय ते बघा," एवढेच म्हणाला. पण एवढे पुरे होते. वडील त्या आठवड्यात अंबडला आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने हातांतल्या पाटल्या काढून दिल्या. सोनाराने त्या मोडून घेतल्या आणि दुकानात शंभर रुपये भरले गेले.

पुढे वहीपूजनाच्या सुमारास त्या व्यापाऱ्याचा मुनीम जालन्याला आला. त्याने आपली वही आणली होती. दोन वह्या शेजारी शेजारी उघडून दोघे ओळीवर ओळ लावत बसले. मुनिमाच्या वहीत प्रत्येक रकमेच्या डोक्यावर बारीक 'ह' किंवा 'क' लिहिलेला होता. दुकानाच्या वहीत नुसते आकडे! दोन हप्ते मिळून ६०० कलदार आले होते, म्हणजे ७०० हाली; दुकानात ते ६०० असेच चढले आणि ७०० हालींत मिळवले गेले. शंभराचा उलगडा झाला. मालकाने रुपये परत दिले, हात जोडले. रुपये परत आले. पाटल्या आल्या नाहीत. त्या दिवसापासून वडिलांनी नाण्याचे नाव घातल्याशिवाय एकही आकडा लिहिला नाही. १९५९ मध्ये हाली रुपया चलनातून पुरता गेला. त्यानंतरही कित्येक महिने त्यांच्या वहीत आकड्यांवर 'क' दिसतो. सवय, दुसरे काय!

ही हकिगत मला पुन्हा आठवली ती गेल्या भाऊबीजेला. माझी धाकटी बहीण दरवर्षीप्रमाणे ओवाळायला आली. बरोबर तिची लेक होती. ही माझी भाची पुण्यात एका कंपनीत विमानांच्या आराखड्याचे काम करते. एरवी मत्स्योदरी देवीचा डोंगर धावत चढणारी पोर. पण या खेपेस फराळाच्या ताटापुढे गप्प बसली होती. खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "मामा, नोकरी सोडायचं म्हणतेय."

कारण ऐकले आणि मी चकित झालो. दोन गटांनी मिळून एका विमानाच्या एका भागाचे काम केले होते. एका गटाने लांबी विमानाच्या नाकाच्या टोकापासून मोजली. दुसऱ्याने नाकाच्या पुढे, हवेत कल्पिलेल्या एका बिंदूपासून. दोन्ही पद्धती या धंद्यात रूढ आहेत. आकडे एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत गेले, आरंभबिंदू मात्र बरोबर गेला नाही. सहा महिन्यांचे काम वाया गेले आणि तिच्या हाताखालच्या एका नवशिक्या मुलावर ठपका आला. "त्याचं गणित मी स्वतः तपासलंय, मामा. एक आकडा चुकलेला नाही. समोरच्यांचाही चुकलेला नाही. मग चूक कुणाची?"

मी उठलो, लाल वही आणली आणि तिच्यापुढे ठेवली. पुढचे दोन दिवस मामा-भाची हाच विषय बोलत होतो. तिने मला विमान शिकवले आणि मी तिला आमचा जुना बाजार शिकवला. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

बाजारापासूनच सुरुवात करू. जुन्या महाराष्ट्रात धान्य मापाने दिले जाई: शेर, पायली, मण, खंडी. पण मण म्हणजे किती? कुठे बारा पायल्यांचा मण, तर कुठे सोळा पायल्यांचा. गावात कुणाची फसवणूक होत नसे, कारण गावाला गावाचे माप ठाऊक असे. घोटाळा होई तो शिवेवर. एका गावचा माल दुसऱ्या गावच्या मापाला भिडला म्हणजे. १९५६ साली देशासाठी वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला. म्हाताऱ्या बायाबापड्यांनी तेव्हा पुष्कळ कुरकुर केली. पण त्यामुळे मुंबईचा किलो आणि अंबडचा किलो एकच झाला.

रेल्वेचेही तेच. मनमाडहून औरंगाबाद, जालना करीत हैदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे मीटर गेजची होती. दोन रुळांत एक मीटर अंतर. मुंबईकडून येणारी गाडी साडेपाच फुटी रुळांवरची. त्यामुळे मनमाडला जालन्याच्या कापसाच्या गाठी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागत. दोन्ही रेल्वे आपापल्या जागी उत्तम होत्या. पण सांध्यावर हमालांच्या पाठी वाकत आणि माल फुटे तो तिथेच. हा प्रकार विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चालला. मग आमच्याकडेही रुंद रूळ आले.

आता विमानाकडे वळू. स्वतंत्र भारतात देशी आराखड्याचे जे पहिले शिकाऊ विमान उडाले, ते एच.टी.-२. ऑगस्ट १९५१ मध्ये बंगलोरला ते आकाशात गेले. त्याचे रचनाकार होते कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे. जर्मनीत गोटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकून आलेले. दोन माणसांचे छोटे विमान ते. त्याचा आराखडा आटोपशीर चमूचा. पंखवाल्याला शेपटीवाल्याचा आकडा हवा असला, तर उठून शेजारच्या टेबलाशी जाता येई. "ही लांबी कुठून धरली हो?" असे विचारले, की शंका फिटे. माणसेच एकमेकांची कोष्टके होती.

विमान मोठे झाले आणि टेबले दूर गेली. १९६४ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, नाशिकजवळ ओझरला विमानाचा कारखाना उभा राहू लागला. रशियन मिग-२१ तिथे बांधावयाचे होते. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली. तीन गावांत तयार झालेले भाग एका विमानात बसावयाचे, आणि आराखडे तर रशियन भाषेतले! तिथे नुसते इंजिनिअर पुरत नाहीत, दुभाषीही लागतात. पुढे त्याच ओझरला सुखोई-३० एम.के.आय. बांधले गेले. त्याची गंमत आणखी न्यारी. शरीर रशियन, उपकरणे काही फ्रेंच, काही इस्रायली, आणि कित्येक महत्त्वाचे संगणक भारतीय. ही सारी मंडळी विमानाच्या पोटात एकमेकांशी बोलतात कशी? तर १५५३ क्रमांकाचे एक मानक आहे. कोणी केव्हा बोलावे, किती बोलावे, कोणत्या क्रमाने बोलावे, हे त्यात ठरवून दिले आहे. ते मानक १९७३ साली काढले अमेरिकेच्या लष्कराने! रशियन विमानातल्या भारतीय संगणकाने अमेरिकेने घालून दिलेल्या रीतीने बोलावे. याहून सलोख्याचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

सलोखा नसला म्हणजे काय होते, त्याचीही उदाहरणे आहेत. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघाले. कॅनडात तेव्हा नुकतीच दशमान मापे येत होती आणि हे विमान किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारे होते. नेमका इंधनाचा काटा बंद पडलेला. म्हणून टाकीत पट्टी घालून लिटर मोजले आणि त्यांचे वजन काढले. एका लिटरचे वजन ०.८ किलोग्रॅम धरावयाचे. त्यांनी सवयीने १.७७ धरले. तो आकडा पौंडांचा होता. उत्तर बरोबर दिसले, पण भरले गेले निम्म्याहूनही कमी इंधन. एकेचाळीस हजार फुटांवर दोन्ही इंजिने एकामागून एक थांबली. आत ६९ माणसे होती. दैव असे, की वैमानिक बॉब पिअर्सन यांना बिनइंजिनाचे ग्लायडर चालवण्याचा सराव होता. ते प्रचंड धूड त्यांनी तरंगत तरंगत गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. सगळे वाचले. भाचीने ही गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "अगं, हा तर हाली-कलदाराचाच घोटाळा!"

दुसरे उदाहरण पैशाचे. एअरबस ए-३८० हे प्रवासी विमानांतले सर्वांत मोठे. त्याचे भाग जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेन या देशांत तयार होत आणि जुळणी फ्रान्समध्ये तुलूझ गावी होई. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. म्हणजे अंबडहून मुंबईला जाऊनही पुष्कळ उरेल! हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतल्या वायरी तुलूझला जोडू लागले तेव्हा त्या तोकड्या पडल्या. शोध घेतला तेव्हा दिसले, की एकाच आराखडा-प्रणालीच्या दोन आवृत्त्या वापरात होत्या. जर्मनीत चौथी, फ्रान्समध्ये पाचवी. एकीतली वळणे दुसरीत जशीच्या तशी उतरत नव्हती. विमानाला सुमारे दोन वर्षांचा उशीर झाला. कंपनीने २००६ साली अंदाज दिला, की २०१० पर्यंत ४८० कोटी युरोंचा नफा बुडेल. आणि इथेही कुठल्याच इंजिनिअरचा हिशेब आपापल्या जागी खोटा नव्हता.

भाचीने मला आणखी खोलात नेले. विमान हे अनेक शास्त्रांचे एकत्र कुटुंब असते. हवेचा प्रवाह पाहणारे वेगळे, सांगाड्याची ताकद पाहणारे वेगळे. वजनवाले, इंजिनवाले, उड्डाणाचा तोल पाहणारे, आवाज मोजणारे, खर्च काढणारे, सगळे वेगळे. प्रत्येकाची बोली निराळी. आकार काढणारा लांबी मागच्या दिशेने अधिक धरतो आणि वर ती अधिक बाजू. तोल पाहणारा बरोबर उलटे: पुढे अधिक, खाली अधिक. पंखाचे क्षेत्रफळ म्हटले, तर धडाच्या आत झाकलेला पंखाचा तुकडा कोणी धरतो, कोणी नाही. 'रिकामे वजन' म्हटले, तर त्यात काय काय रिकामे, यावर वाद. शब्द एक, मण दोन!

आता समजा, असे दहा गट आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाची बोली शिकायची म्हटली, तर प्रत्येकाला नऊ दुभाषे; एकूण नव्वद. त्यातल्या एका गटाने आपली रीत बदलली, की अठरा दुभाषे पुन्हा शिकवावे लागणार. पण चव्हाट्यावर एकच सामायिक बोली ठरवली, तर प्रत्येकाला दोनच पुरतात: एक घरातून चव्हाट्यावर नेणारा, एक चव्हाट्यावरून घरी आणणारा. नव्वदाऐवजी वीस.

हे शहाणपण सुचावयास बराच काळ गेला. १९८० मध्ये अमेरिकेत आयजेस नावाचे मानक निघाले. एका संगणकावरचे चित्र दुसऱ्यावर नेता यावे, एवढा त्याचा हेतू. १९९४ पासून स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक आले, क्रमांक १०३०३. ही वस्तूच्या आकाराची आणि उत्पादनाची भाषा झाली. पण विमान प्रथम कल्पनेत असते, तेव्हा नुसता आकार पुरत नाही; वजन, इंजिन, इंधन, किती दूर जावयाचे, हे सारे एकत्र लागते. त्यासाठी जर्मनीच्या विमान आणि अवकाश संशोधन केंद्राने, म्हणजे डी.एल.आर.ने, २००५ पासून सीपॅक्स नावाची एक सामायिक मांडणी रचावयास घेतली. या डी.एल.आर.चे मूळ शोधू गेले तर ते १९०७ साली प्रांटल यांनी गोटिंगेनला काढलेल्या प्रयोगशाळेत सापडते. आमचे घाटगे शिकले तेच हे गोटिंगेन!

सीपॅक्स म्हणजे काय, हे मी भाचीला आमच्या भाषेत विचारले. ती हसून म्हणाली, "मामा, विमानाचा सातबारा समजा." उपमा मला पटली. सातबाऱ्यावर गट नंबर कुठे, क्षेत्र कुठे, मालकाचे नाव कुठे, पीक कुठे, हे ठरलेले असते. तलाठी वाचो, बँक वाचो, कोर्ट वाचो, रकाना तोच. सीपॅक्समध्येही तसेच. विमान, त्यात पंख, पंखात छेद, प्रत्येक छेदाची जागा, उंची, पीळ. प्रत्येक आकड्याला नावाचा रकाना, आणि मापे आंतरराष्ट्रीय पद्धतीची. आरंभबिंदू आणि दिशा आधीच ठरलेल्या. माणसाला वाचता येते, यंत्रालाही वाचता येते. आणि मुख्य म्हणजे हे सारे खुले आहे. कुणा एका दुकानदाराच्या कुलपात नाही. म्हणून लहान गटालाही मोठ्यांच्या पंक्तीला बसता येते. २०१५ ते २०१८ या काळात युरोपच्या 'अजाइल' प्रकल्पात युरोप, कॅनडा आणि रशियातल्या १९ संस्थांनी याच मांडणीच्या आधारे दूरदूर बसून विमानांचे आराखडे केले. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.तही विमानरचनेच्या केंद्रात अनेक शास्त्रांचा मेळ घालून उत्तम रचना शोधण्याच्या विद्येचा अभ्यास झालेला आहे.

मी म्हाताऱ्या माणसाची एक शंका काढली. सगळ्यांना एका साच्यात घातले, तर एखादी नवी कल्पना साच्यात बसत नाही म्हणून मरणार नाही का? हाली गेला तेव्हा त्याच्याबरोबर एका मुलखाची ओळखही गेलीच की! भाची थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "ती भीती खरी आहे. म्हणून मानक वाढतं ठेवावं लागतं; नवा रकाना मागायची सोय लागते. पण मामा, घरात आपापली बोली बोलायला कुणाची ना नाही. फक्त आकडा उंबरठा ओलांडताना त्याचं नाव-गाव बरोबर गेलं पाहिजे."

मी वडिलांची वही उघडून तिला तो 'ह' आणि 'क' दाखवला. तिने बोट ठेवून कितीतरी वेळ पाहिला. मग आईकडे वळून विचारले, "आजीच्या पाटल्यांचं मला कधी सांगितलं नाहीस?" माझी बहीण म्हणाली, "मी तरी कुठे पाहिल्या? माझ्या जन्माआधीच मोडल्या त्या."

भाचीने नोकरी सोडली नाही. परत जाताच तिने एक पानाचा कागद केला: आरंभबिंदू कोणता, दिशा कोणत्या, मापे कोणती, कोणत्या शब्दाचा अर्थ काय. दोन्ही गटांनी त्यावर सही केल्याखेरीज एकही आकडा पाठवायचा नाही, असा आग्रह धरला. थोडी कटकट झाली, पण कागद मान्य झाला. जुन्या फाइली शेजारी शेजारी लावून तिने ओळीवर ओळ तपासून घेतली आणि त्या मुलावरचा ठपका लेखी मागे घ्यायला लावला. वाया गेलेले सहा महिने काही परत आले नाहीत. पाटल्याही आल्या नव्हत्या.

यंदाच्या ऑक्टोबरात ती पुन्हा येणार आहे असे मी लिहू शकलो असतो, पण दिवाळीची तारीख दरसाल हलते आणि आमच्या घरी तारखेपेक्षा तिथी चालते. तेव्हा एवढेच लिहितो, की भाऊबीजेला येणार आहे. पत्रात तिने कळवले आहे: "मामा, वही काढून ठेवा. त्या मुलालाही आणतेय. त्याला 'ह' आणि 'क' बघायचे आहेत."

वही काढून ठेवली आहे.